नव्या रुग्णालयात हेलिपॅड: नकाशावर वर्तुळ काढण्याआधी काय ठरवावे

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर, राष्ट्रीय महामार्गालगत अकरा एकर जागेवर एक धर्मादाय न्यास ३५० खाटांचे रुग्णालय बांधतो आहे. अपघातग्रस्तांसाठी मोठा विभाग त्यात असणार आहे. त्यांच्या बांधकाम समितीचे प्रश्न थोडक्यात असे: आर्किटेक्टने सातव्या मजल्याच्या गच्चीवर हेलिपॅड दाखवले आहे, काही विश्वस्तांना ते समोरच्या पार्किंगशेजारी हिरवळीवर स्वस्तात होईल असे वाटते, यातले कोणते बरोबर? जागा किती लागते? परवानग्या कोणत्या? आणि मुळात याचा उपयोग होणार आहे का?

मी हेलिपॅडच्या जागा निवडण्याचे आणि आराखडे तपासण्याचे काम करतो. आधी उत्तर सांगतो, मग कारणे. तुमच्याकडे अकरा एकर आहेत, म्हणून हेलिपॅड जमिनीवर करा. पण पार्किंगशेजारी अजिबात नको. कॅज्युअल्टीच्या, म्हणजे तातडीच्या उपचार विभागाच्या, दारापासून ट्रॉली ढकलत नेता येईल इतके जवळ आणि लोकांच्या वावरापासून दूर, अशी जागा शोधा. ही जागा इमारतीचा नकाशा पक्का होण्याआधी ठरली पाहिजे. इमारत बसवून उरलेल्या कोपऱ्यात हेलिपॅड टाकले, तर ते उद्घाटनापुरतेच वापरले जाते.

उपयोगाच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे सगळे त्यावर ठरते. जर्मनीत म्युनिकला १९७० साली 'क्रिस्टोफ १' हे हेलिकॉप्टर सुरू झाले, आणि तेव्हापासून तिथे डॉक्टरला घेऊन हेलिकॉप्टर थेट अपघाताच्या जागी उतरते. आपल्याकडे तसे जाळे नाही. ऋषिकेशच्या एम्समध्ये ऑक्टोबर २०२४ मध्ये हेलिकॉप्टर रुग्णवाहिका सुरू झाली, ती डोंगराळ भागासाठी. महाराष्ट्रात तुमच्या हेलिपॅडवर येणारी बहुतेक उड्डाणे एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात रुग्ण हलवण्याची किंवा प्रत्यारोपणासाठी अवयव नेण्याची असतील. सुरुवातीच्या काळात तुम्ही रुग्ण घेण्यापेक्षा पुण्या-मुंबईला पाठवालच जास्त. म्हणजे व्हेंटिलेटरवरचा, चार सिरिंज पंप लावलेला, कधी हृदयाला आधार म्हणून महाधमनीत फुगा घातलेला रुग्ण आयसीयूतून हेलिकॉप्टरपर्यंत न्यायचा आहे. हे डोळ्यांसमोर ठेवून आराखडा करा.

आज तुमच्या भागात हेलिकॉप्टर आले तर ते पोलीस कवायत मैदानावर किंवा कॉलेजच्या मैदानावर उतरते. रुग्ण आयसीयूच्या खाटेवरून ट्रॉलीवर, तिथून रुग्णवाहिकेत, मैदानावर पुन्हा बाहेर, मग हेलिकॉप्टरच्या स्ट्रेचरवर असा हलतो. नळी निघणे, सलाईनची लाईन ओढली जाणे, ऑक्सिजन बदलताना खंड पडणे, हे सगळे नेमके अशा उचलाउचलीत होते. रुग्णालयाच्या आवारातले हेलिपॅड यातले दोन टप्पे काढून टाकते. त्याचे खरे मोल हेच आहे. हेलिपॅड आवारात असूनही दारापासून इतके लांब असेल की मध्ये रुग्णवाहिका लागते, तर खर्च करूनही तुम्ही मूळ अडचण तशीच ठेवली.

आता हवेतल्या वाटेकडे येऊ. बहुतेक नकाशांत ही वाटच नसते. हेलिकॉप्टर सरळ वरून खाली उतरते अशी समजूत आहे. प्रत्यक्षात, विशेषतः रुग्ण आत असताना, पायलट तिरक्या उतारावर येतो आणि तशाच उतारावर निघतो, म्हणजे एक इंजिन बंद पडले तरी त्याला सुरक्षित पर्याय उरतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या हेलिपोर्टविषयक मानकांत यातला सर्वांत कडक उतार साडेचार टक्क्यांचा आहे. तो हेलिपॅडच्या कडेपासून सुरू होऊन १५२ मीटर उंचीपर्यंत, म्हणजे जवळजवळ ३.४ किलोमीटर अंतरापर्यंत जातो. हा आकडा जमिनीवर उतरवून बघा. कडेपासून १०० मीटरवर फक्त साडेचार मीटर उंची चालते, म्हणजे रस्त्यावरचा साधा दिव्याचा खांबसुद्धा बसत नाही. ३०० मीटरवर साडेतेरा मीटर, म्हणजे चार मजली इमारत जेमतेम. आणि अशी वाट एक असून भागत नाही. वाऱ्याच्या तोंडाने उतरायचे असते, म्हणून साधारण समोरासमोरच्या दिशांना दोन वाटा लागतात.

तुमच्या भागात पावसाळ्यात वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो आणि हिवाळ्यात बऱ्याचदा पूर्व-ईशान्येकडून. त्यामुळे वाटा ढोबळमानाने पूर्व-पश्चिम पडतील. पण त्यावर थांबू नका. जवळच्या हवामान केंद्राची वाऱ्याची आकडेवारी मागवा, कारण शेजारी डोंगर किंवा नदीचे खोरे असेल तर स्थानिक वारा वेगळा वागतो. मग सर्व्हेअरला दोन्ही दिशांना पाठवून प्रत्येक अडथळ्याची उंची मोजून घ्या: मोबाइल टॉवर, पाण्याच्या टाक्या, देवळाचे शिखर, साखर कारखान्याची चिमणी, जुने वड-पिंपळ, होर्डिंग. सगळ्यांत जास्त काळजी तारांची. खांब दिसतो, तार दिसत नाही, आणि हेलिकॉप्टरच्या अपघातांमध्ये तारांचे नाव जगभर पुन्हा पुन्हा येते. तुमच्या आवाराच्या कडेने ३३ केव्हीची वाहिनी जात असेल तर ती भूमिगत करून घेण्यासाठी महावितरणकडे आत्ताच अर्ज करा. त्याचा खर्च हेलिपॅडच्या काँक्रीटपेक्षा जास्त निघू शकतो, म्हणून तो अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून दिसला पाहिजे.

शेजारच्या जमिनींचा विचार विश्वस्तांनी स्वतः करावा, तो आर्किटेक्टवर सोडू नये. विमानतळाभोवतीच्या बांधकामांना उंचीची मर्यादा असते. तुमचे खासगी हेलिपॅड झाले म्हणून शेजाऱ्याला तशी मर्यादा आपोआप लागेल असे धरून चालू नका. महामार्गालगतची शेती उद्या बिगरशेती होईल आणि तिथे बारा मजली इमारत उभी राहील. म्हणून वाटा शक्य तेवढ्या अशा जागेवरून न्या जिथे कुणी बांधणार नाही: नदीपात्र, ओढा, पूररेषेतली जमीन, गायरान, रस्त्याची हद्द आणि तुमचीच मोकळी जागा. नगररचना विभागाकडून विकास आराखड्याची प्रत घेऊन त्यावर या वाटा काढा आणि मगच हेलिपॅडची जागा हलवत हलवत पक्की करा. मी नेहमी असेच करतो. आधी आकाशातल्या दोन मोकळ्या वाटा, मग त्या जिथे मिळतात तिथे हेलिपॅड, मग त्याच्या सोयीने कॅज्युअल्टीचे दार. तुमच्या नकाशात हा क्रम उलटा आहे.

पार्किंगला मी इतका ठाम नकार का दिला, ते आता सांगतो. ४ मार्च २०२२ रोजी इंग्लंडमधल्या प्लिमथ शहराच्या डेरिफर्ड रुग्णालयात तटरक्षक दलाचे एस-९२ हेलिकॉप्टर रुग्ण घेऊन उतरत होते. हेलिपॅड जमिनीवर होते आणि शेजारी लोकांसाठी खुले पार्किंग. रोटरच्या, म्हणजे वरच्या फिरत्या पंख्याच्या, झोताने पार्किंगमधली माणसे आडवी पडली. ८७ वर्षांच्या एका महिलेच्या डोक्याला मार लागून त्यांचा मृत्यू झाला आणि आणखी एक महिला गंभीर जखमी झाली. हेलिकॉप्टरमध्ये काही बिघाड नव्हता, उतरण्यातही वावगे काही नव्हते. ब्रिटनच्या विमान अपघात अन्वेषण शाखेच्या तपासात पार्किंगमधल्या लोकांना झोताचा धोका आहे हे आधी ओळखलेच गेले नव्हते, असे पुढे आले.

हा झोत किती असतो याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राने करता येतो. हेलिकॉप्टर स्वतःचे वजन हवा खाली ढकलून पेलते. ३.७ टनांचे आणि ११ मीटर व्यासाच्या रोटरचे एच १४५ हेलिकॉप्टर घेतले, तर रोटरखाली झोताचा वेग ताशी ९० किलोमीटरच्या आसपास जातो आणि दर सेकंदाला सुमारे १.४ टन हवा खाली येते. १२ टनांच्या एस-९२ चा वेग ताशी १०५ च्या घरात, म्हणजे थोडाच जास्त, पण हवा दर सेकंदाला ४ टन. ती जमिनीवर आपटून चारी बाजूंनी पसरते, आणि जड हेलिकॉप्टरचा झोत म्हणून खूप लांबपर्यंत जोर धरून राहतो. ब्रिटिश मार्गदर्शनात नेहमीच्या हवाई रुग्णवाहिकेसाठी हेलिपॅडभोवती किमान ३० मीटर आणि मोठ्या बचाव हेलिकॉप्टरसाठी ५० ते ६५ मीटर पट्टा उतरताना निर्मनुष्य ठेवायला सांगतात. तुम्ही हाच पट्टा धरा.

आपल्या रुग्णालयांच्या आवारात कोण असते ते आठवा. ओपीडीची रांग, झाडाखाली डबा खाणारे नातेवाईक, काठी घेऊन चालणारे आजोबा, बाळ-बाळंतीण, गेटाशी चहाची टपरी. हेलिकॉप्टर आले की ही मंडळी लांब पळत नाहीत, मोबाइल काढून जवळ येतात. नुसता दोर बांधून आणि शिट्टी वाजवून हे आवरत नाही. पट्ट्याभोवती पक्के कुंपण, कुलूप लावता येईल असे गेट, आणि उतरण्याच्या वेळी पट्ट्यातून जाणारा प्रत्येक रस्ता बंद करणारा नेमलेला माणूस, एवढे हवेच. उडणाऱ्या वस्तूंचीही तीच गोष्ट. फ्लेक्स, पत्रे, प्लास्टिकच्या पिशव्या, सिमेंटची रिकामी पोती, थर्माकोल. तुमचा दुसरा टप्पा पुढे शेजारीच बांधला जाणार असेल तर बांधकामाच्या साहित्याची जागा आत्ताच दुसऱ्या टोकाला ठरवा. झोताने उचललेला एक पत्रा रोटरपर्यंत गेला तर काय होईल ते सांगायला नको. माती उघडी ठेवू नका. तात्पुरत्या हेलिपॅडवर आपण पाणी मारून धूळ बसवतो, पण रुग्णालयात रात्री-अपरात्री टँकर कुठून आणणार? काँक्रीटच्या बाहेर घट्ट मुळांची, कापलेली हिरवळ हवी.

गच्चीबद्दल आर्किटेक्टचा विचार चुकीचा नाही, तो तुमच्या जागेला लागू नाही इतकेच. शहरात, दाटीत, गच्चीला पर्याय नसतो. लंडनचे रॉयल लंडन रुग्णालय हे त्याचे ठळक उदाहरण आहे. उंचावर अडथळे कमी होतात, झोत लोकांपासून दूर राहतो, लिफ्टने थेट ऑपरेशन थिएटरच्या (ओटीच्या) मजल्यावर जाता येते. पण त्याची किंमत मोठी आहे. जोरात आदळून उतरण्याचा प्रसंग धरून स्लॅबला हेलिकॉप्टरच्या कमाल वजनाच्या अडीच पट भार धरावा लागतो आणि त्यावर कंपनासाठी आणखी वाढ. हा भार खांबांतून पायापर्यंत जातो, त्यामुळे पाया भरल्यानंतर हा निर्णय घेता येत नाही. इमारतीच्या कडेवरून वारा उसळतो, म्हणून हेलिपॅड गच्चीवर टेकवून चालत नाही, खाली किमान तीन मीटर मोकळी हवा खेळेल असे उचलावे लागते. कडेने जाळी, खाली उतरायला दोन वेगळ्या वाटा, सांडलेले इंधन पावसाच्या पाइपात जाऊ न देणारा वेगळा निचरा, फेसाची अग्निशमन यंत्रणा आणि ती चालवणारी प्रशिक्षित माणसे चोवीस तास.

आगीचा मुद्दा कागदावरचा नाही. २९ मे २००८ रोजी अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स इथे रुग्णालयाच्या गच्चीवर एस-७६ हेलिकॉप्टर कोसळून पेटले. आतले दोघे वाचले, पण वरच्या मजल्यांवरचे रुग्ण हलवावे लागले. नोव्हेंबर २०२० मध्ये लॉस एंजेलिसला प्रत्यारोपणाचे हृदय घेऊन आलेले हेलिकॉप्टर रुग्णालयाच्या गच्चीवर आडवे झाले. खाली सात मजले आणि त्यांत आयसीयू असलेल्या इमारतीवर ही जबाबदारी फक्त त्यानेच घ्यावी ज्याच्याकडे जमीन नाही. शिवाय सातव्या मजल्यावर हेलिपॅड केले की आठवा मजला कधीच चढवता येणार नाही, आणि वाढत्या न्यासाला तो नक्की लागतो.

जागेचा आकार हा त्या मानाने सोपा प्रश्न. आधी कोणते हेलिकॉप्टर येणार ते ठरवा. फिरत्या रोटरसकट त्याची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी हे मूळ माप. एच १४५ ची लांबी साधारण १३.६ मीटर, एडब्ल्यू १३९ ची १६.६ मीटर. दोन्ही दोन इंजिनांची आहेत आणि रुग्णवाहिका म्हणून वापरली जातात. मी तुम्हाला मोठे माप धरायला सांगेन. त्याच्या दीडपट म्हणजे २५ मीटर बाजूचा चौक, त्याभोवती चारी बाजूंनी सव्वाचार मीटरची सुरक्षा पट्टी, म्हणजे सुमारे ३४ मीटर बाजूचा चौरस. तीन-चारशे चौरस मीटर वाचवण्यासाठी छोटे माप घेऊ नका. रंगाचे सांगायचे तर रुग्णालयाच्या हेलिपॅडवर पांढरा क्रॉस आणि त्यात लाल एच असतो, सोबत किती टनांपर्यंत आणि किती मीटरपर्यंतचे हेलिकॉप्टर चालेल ते आकडे. हे आकडे रंगवायला विसरू नका, पायलटसाठी तेच तुमचे बोलणे असते. वाऱ्याची पिशवी, म्हणजे विंडसॉक, पायलटला दोन्ही वाटांवरून दिसेल आणि इमारतीच्या आडोशाने फसणार नाही अशा जागी.

सैन्याच्या एमआय-१७ साठी हे हेलिपॅड करू नका. ते १३ टनांचे असते आणि डेरिफर्डचा धडा त्यालाच लागू पडतो. पण २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडचा महामार्ग कित्येक दिवस बंद होता हे तुम्ही पाहिले आहे. तशा वेळेसाठी आसपासचे एखादे मोठे मैदान जिल्हाधिकारी कार्यालयाशी बोलून आधीच ठरवून, मोजून ठेवा.

हेलिपॅडपासून दारापर्यंतची वाट मी स्वतः रिकामी ट्रॉली ढकलून तपासतो. पेव्हर ब्लॉक नकोत, सांध्यांवर चाके खडखडतात आणि मणक्याच्या रुग्णाला ते सोसत नाही. गुळगुळीत पण न घसरणारे काँक्रीट, चढ बारा फुटांना एक फुटाहून जास्त कुठेच नाही, दोन ट्रॉल्या समोरासमोर जातील एवढी रुंदी, वाटेत रुग्णवाहिकांचा रस्ता आडवा येऊ नये. पावसासाठी छप्पर हवे, पण ते झोताच्या पट्ट्याबाहेर सुरू होऊ द्या. आत गेल्यावर आयसीयू आणि ओटीला जाणारी लिफ्ट किल्लीने राखून ठेवता आली पाहिजे. तिच्यात ट्रॉली, व्हेंटिलेटर, सिलिंडर आणि चार माणसे एकत्र मावतात का, हे लिफ्टची ऑर्डर देण्याआधी जमिनीवर खडूने आखून बघा. एच १४५ मध्ये रुग्ण मागच्या दारांतून चढवतात, शेपटीच्या पंख्याजवळून. म्हणून रोटर थांबेपर्यंत किंवा हेलिकॉप्टरच्या पथकाने बोलावेपर्यंत तुमच्या एकाही कर्मचाऱ्याने पुढे जायचे नाही, हा नियम वॉर्डबॉयपासून सुपरिटेंडेंटपर्यंत सगळ्यांना सारखा.

दोन गोष्टी आर्किटेक्टच्या नजरेतून हमखास निसटतात. पहिली, वातानुकूलनासाठी बाहेरची हवा खेचणारी तोंडे. हेलिकॉप्टरचे इंधन रॉकेलच्या जातीचे असते, त्याचा धूर ओटीत शिरला तर शस्त्रक्रिया थांबते. ही तोंडे विरुद्ध बाजूला घ्या, आणि जमत नसेल तर कार्बन फिल्टर व उतरण्याच्या वेळी झडप बंद करण्याची सोय ठेवा. दुसरी, एमआरआय. त्याचे चुंबकक्षेत्र हेलिकॉप्टरच्या होकायंत्राला चकवू शकते, म्हणून एमआरआयची खोली हेलिपॅडकडच्या बाजूला नको.

रात्री उतरण्यासाठीच्या दिव्यांवर पैसे खर्च करण्यापूर्वी ऑपरेटरशी, म्हणजे हेलिकॉप्टर चालवणाऱ्या कंपनीशी, बोला. आपल्याकडे बहुतेक हेलिकॉप्टर उड्डाणे दिवसाउजेडी, डोळ्यांना जमीन दिसते अशा हवामानात होतात. जुलै-ऑगस्टमध्ये सह्याद्रीवर ढग उतरले की तुमच्याकडून पुण्याला निघालेले हेलिकॉप्टर घाट ओलांडू शकणार नाही असे दिवस येतील, आणि एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या विरळ हवेत ते कमी वजन उचलेल. म्हणून १०८ आणि तुमची कार्डियाक रुग्णवाहिका हा पर्याय प्रत्येक वेळी तयार ठेवायचा. दिव्यांच्या केबलसाठी पाइप मात्र काँक्रीट ओततानाच घालून ठेवा.

परवानग्यांसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, मुख्य. त्यासोबत उंचीच्या बाबतीत विमानतळ प्राधिकरण, जिल्हाधिकारी, पोलीस, नगररचना आणि अग्निशमन. डीजीसीएचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशी लागू असलेली आवृत्तीच वापरा. अर्ज करण्याआधी रुग्णवाहिकेची उड्डाणे प्रत्यक्ष करणाऱ्या एखाद्या ऑपरेटरच्या पायलटला जागेवर बोलावून दोन तास फिरवा. तो ज्या गोष्टीकडे बोट दाखवेल ती नकाशात दिसत नसते. उघडा कचरा आणि त्यावर घिरट्या घालणाऱ्या घारी हे त्याचे नेहमीचे उदाहरण. तुमचे जैववैद्यकीय कचऱ्याचे शेडही त्याला दाखवा. आणि संक्रांतीला पतंग कुठे उडतात हेही तो विचारेल.

हेलिपॅडला एक जबाबदार व्यक्ती नावानिशी नेमा, कामावर नसताना तिच्या जागी कोण हेही लिहून ठेवा. रोज सकाळी तिने पट्टा पायी फिरून कचरा उचलायचा, विंडसॉक फाटला नाही ना बघायचे, फेसाची यंत्रणा तपासायची आणि वहीत सही करायची. वर्षातून निदान दोनदा रुग्णाच्या जागी पुतळा ठेवून पूर्ण सराव करा, त्यात सिक्युरिटी, लिफ्टमन आणि कॅज्युअल्टीची रात्रपाळी असलीच पाहिजे.

पुढच्या बैठकीत एक ठराव मांडा. दोन्ही हवाई वाटा आणि झोताचा पट्टा लाल रेषेने काढलेला नकाशा ठरावाला जोडून मंजूर करून घ्या, आणि त्याची प्रत आर्किटेक्ट, बांधकाम ठेकेदार आणि देखभाल विभाग या तिघांकडे द्या. दहा वर्षांनी नर्सिंगचे वसतिगृह, पाण्याची नवी टाकी किंवा पार्किंगवर सौर पॅनेलचे छप्पर करायचे ठरेल, तेव्हा आजचे विश्वस्त त्या खोलीत नसतील आणि हा नकाशा असेल.